अहवाल हवा, उत्तर नको

शाळा सुटल्यानंतर पोरांचं नेमकं काय होतं, हे शोधायला आपल्याकडे कुणी पैसे देत नाही. त्यांचं फार भलं झालं असं लिहून घ्यायला मात्र देतात, आणि वेळेवर देतात.

मी पुण्यातल्या एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. आठवी ते बारावीची मुलंमुली येतात. कुणी गणितासाठी येतं, कुणी कॅरमसाठी. कुणी निव्वळ अशासाठी येतं की घरी दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, शिलाई मशीन आणि खाटेवरचे आजोबा यांच्यातून वही उघडायला जागा उरत नाही. हे काम नवं नाही. जोतिबा फुल्यांनी १८५५ मध्ये याच शहरात रात्रशाळा काढली होती. सेवा दलाच्या शाखा, तालमी, वाचनालयांच्या अभ्यासिका यांवर महाराष्ट्राच्या कैक पिढ्या वाढल्या. नवं आहे ते या कामाभोवती थाटलेलं अहवालांचं दुकान. मला त्याबद्दल बोलायचंय, आणि गोड बोलायचं नाहीये.

आधी या दुकानाचं कॅलेंडर बघा. आमचं वर्ष शाळेबरोबर जूनमध्ये सुरू होतं, पैसे देणाऱ्या कंपनीचं एप्रिलमध्ये. करारावर सह्या व्हायला पावसाळा सरतो. पहिला हप्ता येतो दिवाळीच्या आगेमागे. लगेच कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागातून फोन, ‘मॅडम, बेसलाइन करून टाका.’ दिवाळीची सुट्टी संपते, बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची मोजणी, होते. मार्चअखेर पैसा खर्ची पडलाच पाहिजे, म्हणून फेब्रुवारीत एंडलाइन, म्हणजे शेवटची मोजणी. मधल्या काळात सहल, गॅदरिंग आणि दहावीची पूर्वपरीक्षा. एवढ्यात पोरांच्या आयुष्यात जो काही फरक पडला असेल तो टक्केवारीत काढून एका रंगीत पानावर लावायचा. त्या पानावर हसऱ्या मुलीचा फोटो आधीच लावलेला असतो.

बेसलाइनचा फॉर्मही बघण्यासारखा असतो. इंग्रजीतून कुणीतरी घाईघाईने मराठीत आणलेली वाक्यं आणि त्यांच्यापुढे एक ते पाच आकडे. ‘मी माझ्या भविष्याकडे आत्मविश्वासाने पाहतो/पाहते.’ ‘मी ताणतणावाचे प्रभावी व्यवस्थापन करू शकतो/शकते.’ नववीतल्या एका पोरीनं पेनाचं टोपण काढायच्या आधीच मला विचारलं, ‘ताई, आत्ता कमीवर टिक करायची आणि फेब्रुवारीत जास्तवर, बरोबर ना?’ तिच्या मोठ्या बहिणीनं आदल्या वर्षी हाच फॉर्म भरला होता. सामाजिक संशोधनाला पैसा कसा मिळतो आणि त्यातून काय निघतं, हे त्या पोरीला फुकटात कळलं होतं. कंपनीनं त्यासाठी सल्लागार नेमला होता.

जे खरोखर विचारायला हवं त्याला त्या फॉर्मात रकाना नाही. जुलैपासून अनंत चतुर्दशीपर्यंत आमची निम्मी मुलं संध्याकाळी नदीपात्रात ढोलाच्या सरावाला असतात. त्या दोन महिन्यांत ती काय शिकतात, कुणाच्या संगतीत असतात, आणि आमच्या अभ्यासिकेपेक्षा त्यांना ते पथक जवळचं का वाटतं? रकाना नाही. नळाला पाणी यायची वेळ बदलली की मुली एकदम कमी होतात, कारण हंडे त्यांनीच भरायचे असतात. रकाना नाही. अकरावीतला एखादा पोरगा पार्सल पोचवायला लागतो आणि यायचा बंद होतो. तो गळाला म्हणायचा की मार्गी लागला? रकाना नाही. रकाना आहे तो ‘लाभार्थी संख्या’ नावाचा, आणि त्यात दर तिमाहीला आकडा वाढलाच पाहिजे. मुलं वाढतात, वयात येतात, निघून जातात, हे त्या रकान्याला मान्य नाही.

यावर कायदा काय म्हणतो? कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हा पैसा राज्यवार पाहिला तर महाराष्ट्र वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतो, आणि विषयवार पाहिला तर शिक्षण. म्हणजे पैसा आहे, आपल्या राज्यात आहे, आपल्या विषयात आहे. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनं नियम दुरुस्त केले आणि ‘इम्पॅक्ट असेसमेंट’ सक्तीचं केलं. आम्हाला वाटलं, चला, आता कुणीतरी खरं विचारेल.

नियम वाचला आणि उत्साह ओसरला. ज्या कंपनीचं सीएसआरचं बंधन तीन वर्षांच्या सरासरीनं १० कोटी किंवा त्याहून जास्त, तिलाच हे लागू. तेही फक्त १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांना, आणि प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर. वस्तीतल्या अभ्यासिकेचं बजेट कोटीत कधी असतं? भाडं, दोन ताईंचं मानधन, पुस्तकं, चणे-गूळ. शाळेनंतरचं बरंचसं काम असंच असतं, म्हणजे कायद्याच्या चाळणीतून ते आधीच खाली पडलेलं. मग मोजलं काय जातं? ज्यांना मोठं होणं परवडतं त्यांचं काम.

जे मोजलं जातं तेही कोण मोजतं? नियमात ‘स्वतंत्र संस्था’ असे शब्द आहेत. ही स्वतंत्र संस्था निवडायची कंपनीनं, तिला पैसे द्यायचे कंपनीनं, आणि तिचा अहवाल मांडायचा कंपनीच्याच संचालक मंडळापुढे. पुढच्या वर्षी तिला पुन्हा काम द्यायचं की नाही तेही कंपनीच ठरवणार. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे यात कुणी वाकडेपणानं करतं असंही नाही. माणसं सरळ असतात, व्यवस्थाच टाळीसाठी बांधलेली आहे. परीक्षकाची फी विद्यार्थ्यानं भरायची आणि परीक्षकही त्यानंच निवडायचा, असं विद्यापीठात झालं असतं तर आपण कुलगुरूंच्या दारात घोषणा दिल्या असत्या.

एकदा अशाच एका असेसमेंटसाठी दोन मॅडम आमच्याकडे आल्या. हुशार होत्या, नम्र होत्या, दमलेल्याही होत्या, कारण त्याच दिवशी त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. गटचर्चेसाठी त्यांनी ‘जरा बोलकी मुलं’ मागितली. आम्ही दिली. आमच्याकडे बोलकी म्हणजे स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी. ती छान बोलली. आमच्याकडे यायची बंद झालेल्या मुलांची यादीही मी काढून ठेवली होती, पत्त्यांसकट. ती टेबलावरच राहिली. संध्याकाळच्या केंद्राबद्दल खरं जर कुणी सांगणार असेल, तर ती तिथून उठून गेलेली पोरं सांगतील. त्यांना विचारायला मात्र गल्लीबोळ फिरावे लागतात, रात्री नऊनंतर जावं लागतं, चार खेपा घालाव्या लागतात. त्याचे पैसे कराराच्या कुठल्याच ओळीत नव्हते.

कुणी म्हणेल, मग कंपन्यांनी सरळ संशोधनालाच पैसे द्यावेत. द्यावेत की. पण सीएसआरमध्ये काय बसतं याची यादी, म्हणजे कायद्याची सातवी अनुसूची, उघडून बघा. संशोधनासाठी तिथे स्वतंत्र कलम आहे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक. संपलं. समाज कसा चालतो, पोरं का गळतात, संध्याकाळचे दोन तास त्यांना कुठे नेतात, याचा त्या कलमात उल्लेख नाही. ‘शिक्षणाला प्रोत्साहन’ या दुसऱ्या कलमात ते कसंबसं कोंबता येईल, पण कंपनीचा सी.ए. भुवया उंचावतो आणि विषय तिथेच मिटतो. लसीवर संशोधन लागतं हे सगळ्यांना पटतं. सोळा वर्षांच्या पोराचं सगळं आपल्याला आधीच ठाऊक असतं, कारण आपण कधीतरी सोळाचे होतो.

परदेशी पैशाचा रस्ता होता, तोही चिणून झाला. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए कायदा दुरुस्त झाला. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेनं तो दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. याचा अर्थ दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संशोधन संस्थेला आमच्यासारख्या चार केंद्रांना सोबत घेऊन, त्यांना त्यांचा वाटा देऊन अभ्यास करायचा झाला, तर तो करता येत नाही. आमच्या ताईनं फुकट माहिती गोळा करावी आणि त्यांनी पेपर छापावा, एवढंच उरतं. परदेशी पैशावर सरकारनं नजर ठेवावी, माझी हरकत नाही. पण बाहेरचा रस्ता बंद करताना आतला उघडायचा असतो. ते करायचं राहून गेलं, आणि कुणाचं अडलंही नाही.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की असलं संशोधन जमतच नसेल. जमतं. आपल्याच देशात जमलंय, आपल्याच राज्यात जमलंय.

पाचोड घ्या. पैठण तालुक्यातलं गाव, तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा. तिथली इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट नव्वदच्या दशकाच्या शेवटाला किशोरवयीन मुलींसाठी एक वर्ग चालवायची. आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी एक तास, वर्षभर. शिकवणाऱ्या गावातल्याच बायका. विषय आरोग्याचे, व्यवहाराचे, रोजच्या जगण्याचे. वॉशिंग्टनच्या आयसीआरडब्ल्यू या संस्थेबरोबर त्यांनी हे नीट मोजलं. जिथे वर्ग होता ती गावं मोजली आणि जिथे नव्हता तीही. १९९७ ते २००१ या काळात वर्ग असलेल्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. वर्ग नसलेल्या भागातल्या मुलींचं लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता, वर्ग पूर्ण केलेल्या मुलींच्या मानानं चौपट निघाली. आता कुणी म्हणेल, जी मुलगी वर्षभर येते तिच्या घरचे मुळातच थोडे वेगळे असणार. शंका रास्त आहे. ती काढता येते, कारण आकडे समोर आहेत. आमच्या रंगीत पानावर शंका काढायलाही काही नसतं.

मला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं? लग्नाचं वय मोजायला चार वर्षं थांबावं लागतं. मुलगी सासरी गेल्यावर तिचा ठावठिकाणा ठेवावा लागतो. वर्गाला न आलेल्या मुलीच्या दारातही जावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे दर पाचांत एकीहून जास्त. प्रश्न जिवंत आहे, उत्तराचा एक धागा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाचोडला सापडलेला आहे. तो धरून आज मराठवाड्यातल्या शंभर गावांत पाच वर्षांचा अभ्यास करायचा म्हटलं तर पैसे कोण देईल? सीएसआरवाले म्हणतील, ‘मॅडम, मार्चपर्यंत काय दाखवता येईल?’

दुसरं उदाहरण जौनपूरचं. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये आपल्या मुंबईत सुरू झाली. २००५-०६ मध्ये तिनं उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावातल्या तरुणांना शिकवण्याची एक सोपी पद्धत दिली आणि शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग सुरू केले. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि प्रथमच्या रुक्मिणी बॅनर्जी यांच्या गटानं २८० गावांत हा अभ्यास केला. वर्ग त्यांतल्या ६५ गावांत. निष्कर्ष दोन. जी मुलं वर्गाला आली ती वाचायला शिकली, चांगली शिकली. आणि आली किती? त्या गावांतली सरासरी ८ टक्के. ज्यांना वाचता येत नव्हतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, त्यांतलीही १३ टक्केच.

हा दुसरा आकडा आमच्याकडच्या कुठल्याही वार्षिक अहवालात छापून आला असता का? आमच्याकडे पहिला निष्कर्ष मोठ्या टायपात, लाल रंगात, आणि दुसरा अंतर्धान पावला असता. त्यांनी दोन्ही छापले. नुसते छापले नाहीत, त्यावरून काम बदललं. पुढची बरीच वर्षं वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या तऱ्हांनी करून पाहिलं, काही फसलं, तेही लिहिलं, आणि शेवटी शाळेच्याच वेळात मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवून शिकवण्याची रीत पक्की झाली. आज ती कैक राज्यांत आणि आफ्रिकेतही वापरली जाते. २०१९ मध्ये बॅनर्जी, ड्युफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना नोबेल मिळालं तेव्हा आपल्या सीएसआर परिषदांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. ८ टक्क्यांचा आकडा छापायला कुणीतरी पैसे दिले होते, हे त्या टाळ्यांत कुणाला आठवलं नाही.

तिसरं उदाहरण सरकारचं, म्हणजे सरकारला हे जमत नाही असंही म्हणता येणार नाही. कोविडनंतर तमिळनाडूनं ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘इल्लम तेडी कल्वी’ सुरू केली. शाळा सुटल्यावर वस्तीतच वर्ग, सुमारे २ लाख स्वयंसेवक, बहुतेक बायका, महिना १,००० रुपये मानधन. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि मॉरिसिओ रोमेरो यांनी तिचा अभ्यास केला. साथीत मुलांचं जे शिकणं बुडालं होतं त्यातलं दोनतृतीयांश शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत भरून निघालं होतं, आणि त्या भरपाईतला सुमारे २४ टक्के वाटा या संध्याकाळच्या वर्गांचा होता. हे इतकं नेमकं सांगता आलं ते कशामुळे? तिथल्या हजारो मुलांची चाचणी २०१९ मध्ये, साथ यायच्या आधी, घेऊन ठेवलेली होती. हा पाया तेव्हा कुणीतरी ‘मार्चपर्यंत काय दिसेल’ न विचारता पैसे मोजून घातला होता. आपल्याकडे असा पाया घालायचं कुणाला सुचत नाही, आणि सुचलं तर त्याला बजेटमध्ये हेड मिळत नाही.

याच मुरलीधरन आणि सिंग यांनी अलेहांद्रो गॅनिमियन यांच्यासोबत दिल्लीत शाळेनंतरच्या संगणक-शिकवणी केंद्रांचा अभ्यास केला होता. ६१९ मुलं, प्रवेश चिठ्ठ्या टाकून. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक फरक पडला. त्याहून महत्त्वाचं, तिथे येणारं सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचं दिसलं. पाठ्यपुस्तक तसंच पुढे रेटण्यात काय अर्थ आहे, हे त्या एका आकड्यानं सांगितलं.

पण एक गोष्ट लक्षात आली का? तमिळनाडूतली मुलं आठवीपर्यंतची. जौनपूरची चौदाच्या आतली. दिल्लीची फार तर नववीची. लहान मुलाला उतारा वाचायला द्या, दोन मिनिटांत कळतं येतो की नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराचं यश-अपयश दोन मिनिटांत कळत नाही. तो बारावी झाला का, चांगल्या कामाला लागला का, मुलीचं लग्न लांबलं का, पोरगा भाईच्या मागे फिरायचा थांबला का, हे कळायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणून त्या वयाकडे संशोधनाचा पैसा फिरकत नाही. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी जवळजवळ २५ टक्क्यांना आपल्या भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता आला नव्हता. वाचून सगळे हळहळले. पण असर ग्रामीण घरांत होतं. आमच्या वस्तीतला अकरावीचा पोरगा त्यात हळहळायलासुद्धा उपलब्ध नाही.

शहरात ती जागा क्लासवाल्यांनी भरलीय. २०२५ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या सुमारे २७ टक्के विद्यार्थ्यांनी त्या वर्षी खासगी शिकवणी लावलेली आढळली. ज्याला परवडतं त्याच्या संध्याकाळची सोय बाजारानं केली. ज्याला परवडत नाही त्याच्या संध्याकाळवर आम्ही प्रयोग करतोय, आणि प्रयोगाची नोंदवही ठेवायला पैसे नाहीत.

आता आमच्या पंगतीतल्यांकडे वळते, कारण सगळं खापर कंपन्यांवर फोडणं सोयीचं आहे, खरं नाही. आम्हा संस्थावाल्यांनाही झाकली मूठ सव्वा लाखाची हेच धोरण आवडतं. खरा अभ्यास झाला आणि अभ्यासिकेमुळे दहावीच्या निकालात काडीचा फरक पडत नाही असं निघालं तर? देणगीदार पळेल, ताईंचे पगार थांबतील, कुलूप लागेल. ही भीती खोटी नाही.

अमेरिकेत हेच घडता घडता राहिलं. तिथे शाळेनंतरच्या केंद्रांसाठी केंद्र सरकारचा मोठा कार्यक्रम आहे, एकविसाव्या शतकाची सामुदायिक शिक्षण केंद्रं अशा भारदस्त नावाचा. २००२ पर्यंत त्याचा निधी वर्षाला १ अब्ज डॉलरवर पोचला होता. मॅथमॅटिका या संस्थेनं केलेल्या सरकारी मूल्यमापनाचा पहिल्या वर्षाचा अहवाल फेब्रुवारी २००३ मध्ये आला. गुणांत फारसा फरक नाही, असं त्यात निघालं. मोठ्या वर्गांतली मुलं मुळात थोडेच दिवस येत होती, हेही त्यात होतं. बुश सरकारनं तेवढं पहिलं वाक्य उचललं आणि निधी ६० कोटी डॉलरवर आणायचा प्रस्ताव मांडला. संसदेपुढे केंद्रांची बाजू मांडायला आलेल्यांत चक्क अर्नोल्ड श्वार्झनेगर होता. निधी वाचला. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारच्या अर्थसंकल्प प्रमुखांनी पुन्हा तोच सूर लावला, फायद्याचा पुरावा दिसत नाही. पुन्हा कपातीचा प्रस्ताव, पुन्हा संसदेनं फेटाळला.

आमच्यातले पुष्कळजण याचा अर्थ असा काढतात की बघा, संशोधन झालं की गळा कापला जातो. मी उलटा काढते. एकच अभ्यास असला की तो न्यायाधीश होतो. साठ-सत्तर असले की त्यांतून काहीतरी शिकता येतं. डुर्लाक आणि वाइसबर्ग या संशोधकांनी सहकाऱ्यासोबत २०१० मध्ये अशा साठाहून जास्त कार्यक्रमांचे अभ्यास एकत्र मांडले. ज्यांत कौशल्यं क्रमानं, करून बघत, पुरेसा वेळ देऊन आणि हेतू स्पष्ट ठेवून शिकवली होती, त्यांचा उपयोग दिसला. बाकीच्यांचा दिसला नाही. ‘केंद्रं चांगली की वाईट’ या बाष्कळ वादातून ‘कुठली आणि का’ या प्रश्नावर त्यांना येता आलं, कारण खोऱ्यानं अभ्यास झाले होते आणि त्यांना पैसे मिळाले होते. आपण अजून पहिल्या वादापर्यंतही पोचलेलो नाही. आपल्याकडे सगळीच केंद्रं चांगली आहेत, कारण सगळ्यांचेच अहवाल चांगले आहेत.

विद्यापीठातल्या मंडळींनाही सोडत नाही. येतात, पोरांच्या मुलाखती घेतात, ताईचा अख्खा महिना खातात, आणि जातात. पेपर इंग्रजीत, परदेशी नियतकालिकात, तोही विकत घेतल्याशिवाय उघडत नाही असा. ज्या ताईनं घराघरांतून माहिती आणली तिला निष्कर्ष काय निघाला ते कधीच कळत नाही. तिच्या वर्गात उद्या काय बदलायचं, हे त्या पेपरात असलं तरी तिच्यापर्यंत येत नाही. तिला संशोधनाबद्दल आदर वाटावा, ही अपेक्षा मी करत नाही.

‘संशोधनावर उडवण्यापेक्षा तेवढ्यात पोरांना वह्या-दप्तरं द्या,’ हे वाक्य मी मंत्र्यांकडून, उद्योजकांकडून आणि सख्ख्या नातेवाइकांकडून ऐकलंय. वह्या द्याच. पण एक हिशोब समजून घ्या. आमच्या केंद्राचा सगळ्यात मोठा देणगीदार कंपनी नाही, तिथे येणारा पोरगा आहे. तो रोजचे दोन-अडीच तास देतो. त्या वेळात त्याला गाडीवर काम मिळालं असतं, झोप मिळाली असती, ढोल वाजवता आला असता. मी त्याला जे देते ते जर कुचकामी असेल, तर मी समाजसेवा करत नाहीये, त्याची संध्याकाळ लुबाडते आहे. हे शोधणं चैन कशी काय ठरते?

म्हणून मागणं स्पष्ट आहे. एक, मोजण्याचा पैसा आणि काम चालवण्याचा पैसा वेगवेगळ्या खिशांतून येऊ द्या. आजच्या नियमाप्रमाणे कंपनी असेसमेंटचा खर्च सीएसआरमध्ये धरू शकते, एकूण खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख रुपये, यांतलं जे जास्त असेल तिथपर्यंत. नियमात एक ओळ वाढवा आणि हा पैसा सार्वजनिक निधीत जमू द्या. दहा कंपन्यांचे ५० लाख म्हणजे वर्षाला ५ कोटी. एवढ्यात नुसत्या पुण्यातल्या नव्हे, राज्यभरातल्या अभ्यासिकांचा वर्षानुवर्षं अभ्यास होईल. कुणी करायचा ते विद्यापीठं आणि संशोधन संस्थांनी खुल्या स्पर्धेतून ठरवावं, कंपनीनं नाही. दोन, अभ्यास पाच वर्षांहून कमी नको, आणि गळालेल्या पोरांशिवाय तर नकोच. तीन, फसलं असेल ते छापा, आणि मराठीत छापा. चार, माहिती गोळा करणाऱ्या ताईला त्या तासांचे पैसे द्या.

इम्पॅक्ट असेसमेंटचे अहवाल कंपन्यांना वार्षिक अहवालाला जोडावे लागतात, त्यामुळे ते कुणालाही वाचता येतात. मी बरेच वाचले. ‘या कार्यक्रमाचा उपयोग झाला नाही’ असं सरळ वाक्य मला एकातही सापडलं नाही. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या सगळ्या कंपन्यांचा एवढा सगळा पैसा, आणि एकही प्रयत्न फसला नाही! असलं यश मिळवणाऱ्यांनी समाजसेवा सोडून देश चालवायला घ्यावा.

वर्षअखेरीला मी कंपनीला तिच्या रुपयान्‌रुपयाची यूसी, म्हणजे पैसा कुठे वापरला याचा दाखला, देते, सी.ए.च्या सही-शिक्क्याची. पोरानं दिलेल्या संध्याकाळी कुठे गेल्या, याची यूसी त्याला आजवर कुणी दिलेली नाही. ती काढायला पैसे लागतात. द्यायचे असतील तर द्या. नसतील द्यायचे तर बॅनरवरचा ‘इम्पॅक्ट’ पुसून तिथे ‘खर्च’ लिहा. त्याची पावती आमच्याकडे तयार आहे.